पाडव्याला साल बदलणारी क्वेरी

मित्रांनो, मी एक जुनी क्वेरी आहे. हसू नका. क्वेरी म्हणजे संगणकातल्या माहितीला विचारायचा, एकदाच लिहून ठेवलेला प्रश्न. मला हात नाहीत, पाय नाहीत, आहेत त्या अवघ्या सहा ओळी. त्या सहा ओळींनी एका पोरीच्या आयुष्याची माती केली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

घाटनांदूरच्या रेवणप्पा किराणावाल्यांची लेक अपेक्षा, तिनं मला लिहिलं. अंबाजोगाईत बसस्टँडमागं एक सेवाभावी संस्था आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन ती फुकट करून देते, एका आर्थिक वर्षात दहा लेकरांचं. लवकर झालं तर लेकरू बोलायला शिकतं, म्हणून पाच वर्षं पूर्ण झालेलं लेकरू घ्यायचं नाही असा तिथला नियम. माझं काम एवढंच, अर्जाची तारीख बघून तो कोणत्या आर्थिक वर्षातला ते सांगायचं, आणि आधी आलेला अर्ज आधी अशी त्या वर्षाची यादी लावायची.

आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, एकतीस मार्चला संपतं. अपेक्षानं सोपी युक्ती केली. तारखेतून तीन महिने वजा करायचे आणि मग येईल ते साल धरायचं. फेब्रुवारी बावीसचा अर्ज मागं सरकून नोव्हेंबर एकवीसमध्ये जाई, म्हणजे वर्ष एकवीस-बावीस. मी कधी चुकले नाही. "लई गुणाची हाय ही," असं अपेक्षा म्हणायची, आणि मला, खोटं कशाला सांगू, मूठभर मांस चढायचं.

पुढं अपेक्षाला पुण्याला नोकरी लागली. मी ऑपरेटर पंडितच्या हाती आले. पंडित माणूस वाईट नव्हता, पण साहेबांनी पूर्व म्हटलं की याची पूर्व. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव, साठ एकरांचे धनी. एक दिवस ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हे एक एप्रिल कुठून काढलं बे? आपलं साल पाडव्याला बदलतं. सालगडी पाडव्याला ठेवतो आपण, नवं रजिस्टर पाडव्याला उघडतो. कर की पाडवा."

"करतो साहेब," पंडित म्हणाला. झालं! तीन महिन्यांची ओळ त्यानं खोडली आणि पाडव्याची तारीख घातली. पाडव्याच्या आधीचा अर्ज मागच्या सालात, नंतरचा नव्या सालात. बरं, पाडवा काय एका जागी बसतो का? तेवीस साली तो मार्चात आला, मधल्या दिवसांत अर्जच आला नव्हता, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. चोवीस साली आला नऊ एप्रिलला.

आणि चार एप्रिलला रामकिसननं अर्ज दिला होता. रामकिसनचं घाटनांदूरला पंक्चरचं दुकान. त्याची सायली साडेचार वर्षांची, डोळ्यांनी सगळं विचारणारी, आणि कानांनी ठार बहिरी. अर्ज देताना ती त्याच्या खांद्यावर होती. पंडितनं तिला बिस्किट दिलं, पावती फाडली. नवं वर्ष लागून चारच दिवस झाले होते. नंबर तिचा पहिला लागायला हवा होता.

ऑगस्टात यादी लागली. सायलीचं नाव नाही.

"मागच्या सालात दिसतंय नाव," पंडितनं मला चालवून सांगितलं. "ती यादी मार्चातच बंद झाली."

"मागचं साल कावून? एप्रिलात दिलता की म्या अर्ज! ही काय पावती."

"कम्प्युटर खोटं बोलंल का बे? पावती हाय, पन साल मागचं हाय."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचं होतं. पण क्वेरीला विचारलं तेवढंच सांगता येतं, आणि मला चुकीचंच विचारत होते. रामकिसन पाच खेपा आला. दर खेपेला पंडितनं मला चालवलं, दर खेपेला मी तेच खोटं तोंड वर करून सांगितलं. सुंदररावांनी तर त्याला कुणाच्या तरी चिठ्ठीवर घुसणारा ठरवला. पावतीवरची तारीख कुणी वाचली नाही. दसऱ्याच्या आठवड्यात सायलीला पाच वर्षं पूर्ण झाली.

दिवाळीला अपेक्षा घरी आली. वडिलांच्या दुकानात रामकिसननं तिला पावती दाखवली. भाऊबीज झाली तशी ती तडक संस्थेत आली, मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. "अरे पंडित, सरकारी वर्षाला पाडवा कशाचा रे?" तिनं मला अर्ध्या मिनिटात दुरुस्त केलं. वरातीमागून घोडं! मला चालवलं तर पहिल्या नंबरला सायली. तिच्या नावापुढं वय, पाच वर्षं तीन आठवडे. दहाही ऑपरेशनं होऊन गेलेली.

सुंदरराव म्हणाले, "चूक झाली, पण नियम म्हंजे नियम." त्या क्षणी नियम त्यांना आठवला!

अपेक्षानं रामकिसनला फोन लावला. "काका, सायलीचं नाव पहिलंच होतं. चूक आमची..."

पुढचं त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "पयलं? आलं का नाव? थांबा ताई, थांबा, पोरीला सांगतो!" आणि त्यानं मोठ्यानं हाक मारली, "सायले! ए सायले!"

मग त्याला आठवलं, पोरीला ऐकू येत नाही; फोन तसाच टाकून तो तिच्याकडं धावला. फोन बराच वेळ तसाच चालू होता.

मी आता बरोबर चालते, मित्रांनो. पंडित सगळ्यांना सांगतो, क्वेरी दुरुस्त झाली म्हणून. मला त्याची लाज वाटते. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या क्वेऱ्या लिहाल, दुसऱ्यांच्या बदलाल. बदला खुशाल, पण बदलल्यावर एक एप्रिलची एक तारीख घालून बघा, एकतीस मार्चची एक घालून बघा. आणि कुणी पावती हातात घेऊन दारात उभा राहिला, तर मला विचारू नका. आधी त्याची पावती वाचा.