सुप्याच्या माथ्यावरचं कंदीलफूल

मी एक वीतभर उंचीची वनस्पती बोलतेय. आता मी वाळलेली आहे, जाड कागदावर दोऱ्यानं टाचलेली, पुण्यातल्या एका कपाटात. पण माझा जन्म सुप्याजवळच्या डोंगरमाथ्यावरचा.

तिथं माती बोटभर, खाली सगळा खडक. वर्षातला बराच काळ मी जमिनीत कंद होऊन पडून असायची. पावसाळ्यात गवताबरोबर वर यायची आणि हिरव्या कंदिलासारखं फूल काढायची. माणसं "हितं काय न्हाय, नुसता माळ हाय" म्हणत पुढं जायची. आम्हाला नाव नव्हतं, आणि त्याची कधी अडचणही वाटली नव्हती.

गेल्या वर्षी मोना आली. इंदापूरकडच्या शेळगावची मुलगी. बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्याशेजारी पालथी पडून ती भिंगातून फुलात बघत राहिली. तिचा श्वास मला लागत होता. तिनं फोटो पुण्याच्या तज्ज्ञ बाईंना पाठवले. त्या म्हणाल्या, "फूल वेगळं दिसतंय खरं. पण पिकलेली शेंग आणि बी बघितल्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही."

त्या वर्षी पावसानं दडी मारली आणि शेंगा धरल्याच नाहीत. यंदा धरल्या. मोना रविवारी येऊन बघून जायची. शेंगा हिरव्याच. आणि एका सकाळी जमीन थरथरायला लागली.

गावानं डोंगरावर झाडं लावायचं ठरवलं होतं आणि खालच्या उतारावर मशीन चर खोदत होतं. पुढाकार गावातल्या तात्याबांचा. मागं दोन उन्हाळे या माणसानं डोक्यावरून पाणी नेऊन रोपं जगवायचा प्रयत्न केलेला. वाईट माणूस नव्हता तो. पण उतारावरचे माझे भाऊबंद दुपारपर्यंत मुरुमाखाली गेले. उलटे झालेले कंद उन्हात पडले. मशीन वर चढू लागलं.

तेवढ्यात मशीनची बातमी ऐकून मोना धापा टाकत आली आणि मशीनपुढं उभी राहिली.

"मोनाताई, बाजूला व्हा," तात्याबा ओरडले. "झाडं लावतोय आमी. पाप करतोय का?"

"तात्याबा, माथा तेवढा सोडा. ही वनस्पती जगात दुसरीकडं कुठं असंल असं मला वाटत न्हाय."

"वाटत न्हाय? म्हंजी पक्कं ठाव न्हाय?"

 मोना एक शब्द खोटा बोलली असती तर मशीन तिथंच थांबलं असतं.

"पक्कं न्हाय," ती म्हणाली. "शेंगा पिकल्यावरच कळंल."

मशीन घरघरत उभं होतं. तात्याबांनी तिच्याकडं पाहिलं. "खरं बोललीस म्हणून सांगतो. पिकंस्तोवर थांबतो. मग मशीन परत येणार."

पिकलेली शेंग तडकते आणि बी वाऱ्यावर उडून जातं. म्हणून मोनानं आमच्या शेंगांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि रोज कॉलेज सुटल्यावर येऊ लागली. मेंढरू जवळ आलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा.

अखेर शेंगा पिवळ्या पडल्या. आता नमुन्यासाठी कंदासकट एक अख्खी वनस्पती हवी होती. फूल आणि पिकली शेंग एकाच वेळी फक्त माझ्यावर होती. तिनं खुरपं माझ्याजवळ टेकवलं, उचललं, परत टेकवलं. "माफ कर गं," ती पुटपुटली. मग मला आभाळ दिसेनासं झालं.

मला दाबून, वाळवून तिनं पुण्याला आणलं. बाई काय म्हणतात ते स्वतः ऐकावं म्हणून सोबत तात्याबांनाही आणलं. मशीन माथ्यावर परत यायचं ठरलेलंच होतं. बाईंनी माझं बी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. 

"नवीच आहे," बाई म्हणाल्या.

मोना रडायलाच लागली. तात्याबा मात्र माझ्यावर वाकले होते.

"हिला परत माथ्यावर न्हेऊन लावता येत न्हाय?"

"न्हाय, तात्याबा. मेली ती."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.  "मग बाकीच्यांला तितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "झाडं आमी वढ्याच्या कडंला लावू."

उतारावरचे माझे भाऊबंद परत येणार नाहीत. माथ्यावरचे आहेत. कधी तिकडं गेलात, तर खाली बघून पाऊल टाका. मला इथं दोऱ्यानं धरून ठेवलंय; त्यांना फक्त ती बोटभर माती धरून आहे.