घरजावयाचे कुंपण

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. दोन वाव, म्हणजे दोन माणसांनी हात पसरावेत एवढी लांब, अंगभर गंजलेली, मधोमध एक जाडसा पीळ पडलेली. वनरक्षकांच्या चौकीमागे पत्र्याची शेड आहे. तिथे खिळ्यांवर माझ्यासारख्या शेकडो तारा लटकतात. येणारा-जाणारा आम्हा सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो. फासकी. जनावर पकडायची फासकी. पण मी जन्माने फासकी नव्हते, आणि एवढे तरी कुणीतरी ऐकून घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे.

भट्टीत तापून, भोकाभोकांतून ओढली जाऊन मी बारीक झाले. मग जस्ताच्या पाण्यात बुडून चकाकले. वेटोळे करून मला जहाजात घातले, पुढे ट्रकमध्ये, आणि मी मलावीतल्या चिसेका गावाच्या शिवेवर उतरले. गावाच्या एका अंगाला मक्याची शेते आणि दुसऱ्या अंगाला हत्तींचे राखीव जंगल. मधे खांब उभे राहिले आणि त्यांच्यावर मला ताणले. त्या दिवशी गावातल्या बायका कमरेला फडकी बांधून नाचल्या होत्या. मी तर हवेतच होते म्हणा, पण मनानेही हवेत होते.

खांबाशी एक झटका मशीन बसवले होते. ते उन्हावर चालायचे. टिक टिक करत माझ्या अंगातून वीज धावायची; जीव घेण्याइतकी नाही, आठवण राहण्याइतकी. पहिल्याच आठवड्यात एका थोराड हत्तिणीने मला सोंड लावली आणि अशी काही किंचाळून पळाली की गाव हसून लोटपोट झाले. त्या वर्षी चिसेकातल्या साऱ्या कणग्या भरल्या. शेतावर जाता-येता बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "देवा, हिला सुखी ठेव."

माझी निगा राखायला मसाउको नावाचा वनरक्षक होता. तो मूळचा मलावीच्या मोठ्या सरोवराकाठचा. त्या भागात लग्न झाले की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो, म्हणून तो चिसेकात आला. बायको फालेसी. तसे पाहिले तर गावातले निम्मे पुरुष घरजावईच होते, पण सरकारी गणवेशातला घरजावई म्हणजे दुहेरी परका. गावाला तो जंगलाचा वाटे आणि साहेबांना गावाचा.

रोज सकाळी खांद्यावर कुदळ टाकून तो माझ्या कडेकडेने चालत निघे. गवत तारेला टेकले की वीज जमिनीत उतरते, म्हणून खालचे गवत खणून काढी. मला बोटाने छेडून बघे. वाटेत कधी हत्तीने कलंडवलेला खांब, कधी जंगलात शिरलेल्या शेळ्या, कधी नदीत चोरून जाळी टाकणारे लोक. आणि सरपणाच्या मोळ्या आणणाऱ्या बायका तर रोजच्या. मोळी सोडून दिली तर नोकरी जाणार, आणि जप्त केली तर संध्याकाळी त्याच बाईच्या अंगणात बसून न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास गिळायचा. कसा गिळत असेल, तो जाणे. मला त्याची फार कीव यायची.

मग एका पावसाळ्यात मशीन बंद पडले. टिक टिक थांबली. मसाउकोने वायरलेसवर वर कळवले. वरून उत्तर आले, "पाठवतो." त्याने पुन्हा कळवले, पुन्हा तेच उत्तर. माणसांना अर्ज करून जे कळत नाही ते हत्तींना सोंड लावून कळते. चार दिवसांत ते मला तुडवून मक्यात उतरले.

फालेसीचा थोरला भाऊ बिझेकी माझ्यापाशीच शेत करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दाजी, तुमचे हत्ती काल जेवून गेले. वाढायला तुम्ही नव्हता."

"माझे हत्ती?" मसाउको म्हणाला.

"मग कुणाचे? त्यांच्या नावाने पगार खाता की! आम्ही हत्तीला दगड मारला तर तुम्ही आम्हाला आत टाकणार. हत्तीने आमचं शेत खाल्लं तर हत्तीला कुणी आत टाकायचं?"

"मशीन येतंय रे. कळवलंय मी."

"येतंय म्हणे! म्हातारीचे पडलेले दात पण येतायत मग."

मसाउको हसला. हसण्यावारी नेणे एवढेच त्याच्या हातात होते. मग तो रात्री हत्ती हाकलायला डबे बडवत बसे, मिरच्यांचा धूर करी आणि सकाळी तुटलेल्या तारा जोडी. मी दोनदा तुटले. एकदा मधोमध तुटले तेव्हा त्याने मला असा पीळ दिला की तो आजवर सुटलेला नाही. त्याच्या पिळाला शेवटी एक उलटी मुरड असायची. तशी दुसरे कुणी घालत नसे. पुढे माझा तो तुकडाच काढून त्याने तिथे नवी तार घातली आणि मी बाजूला पडले.

बिझेकी म्हणाला, "ही द्या मला. कणगीचं पोट सुटलंय, बांधून घेतो."

"नाही रे. तुकडान् तुकडा चौकीत जमा करायचा हुकूम आहे."

"दोन वाव तार मागतोय दाजी, दिलेली बहीण परत मागत नाही!"

फालेसी जवळच होती. ती म्हणाली, "द्या हो. त्या कणगीत आपल्याही पोरांचं धान्य आहे."

मसाउकोने इकडे तिकडे पाहिले आणि मला मेव्हण्याच्या हातात दिले. मित्रांनो, फासक्या याच तारांच्या होतात हे तो जाणून होता. पण जन्मभर ज्यांना नाही म्हणायचे, त्यांना एकदा तरी हो म्हणावे असे माणसाला वाटतेच.

मी कणगीच्या पोटाला बसले. ते दिवस खरेच सुखाचे होते. आत मका, भोवती दोन्ही घरांची पोरे. मला वाटले, आपण मार्गी लागलो.

पण मशीन आलेच नाही. शेते संपल्यावर हत्ती गावात शिरले. त्यांनी डोके लावून कणगी आडवी केली आणि आतला मका खाऊन गेले. सकाळी बिझेकी आणि पोरे मातीतून दाणे वेचत होती. मसाउको आला आणि त्यांच्याबरोबर वेचायला बसला. बिझेकीने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. मला त्याचीच भीती वाटली. दाजी गेल्यावर त्याने मला कणगीवरून सोडवले आणि माझ्या एका टोकाचा फास केला.

त्याला हरीण हवे होते. पोरांच्या पोटाला हवे होते. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. त्याने पाणवठ्याच्या वाटेवर मला एका ओंडक्याला बांधून ठेवले. पण त्या वाटेने रानरेडा आला. त्याचा पाय माझ्यात अडकला. तो जितका ओढी तितकी मी आवळत गेले, कारण फास तेवढेच करू शकतो. शेवटी ओंडका मोडला आणि तो मला घेऊन झुडपात शिरला. मी हाडापर्यंत रुतले होते. तो वेदनेने वेडा होऊन तिथेच उभा राहिला.

फरफटीची खूण धरत मसाउको आणि त्याचा जोडीदार योहाने आले. दोघांत मिळून एक बंदूक, ती योहानेकडे.

"परत जाऊ. माणसं घेऊन येऊ," योहाने म्हणाला.

"आणि तोवर? बायका आता सरपणाला इकडंच येतील. फालेसीसुद्धा येते."

"अरे, जखमी रेडा आहे!"

"म्हणूनच म्हणतो. तू त्या अंगानं ये, मी ह्या."

रेडा मसाउकोच्या अंगाने बाहेर पडला. योहानेच्या गोळीने तो कोसळला, पण तोवर त्याने मसाउकोला शिंगांवर घेतले होते. मसाउको रेड्याच्या पायाशीच पडला होता. त्याचा हात माझ्यावर आला. बोटे सरकत सरकत पिळापाशी आली आणि त्या उलट्या मुरडीवर थांबली. त्याने मला ओळखले.

"योहाने," तो म्हणाला, "ही तार चौकीत जमा कर. कुणाची ते विचारू नको."

"बोलू नको, पडून राहा."

"माझ्या पोरांना आता त्यांचा मामाच आहे. विचारू नको म्हणतो ना!"

तिथेच त्याचा जीव गेला. तिकडच्या रीतीप्रमाणे त्याला पुरायला सरोवराकाठी त्याच्या आईच्या गावी नेले. योहाने सांगत होता की सारे चिसेका गाव रडत रडत बरोबर गेले होते, आणि सगळ्यांत मोठ्याने बिझेकी रडला.

पुढच्या महिन्यात कुंपणाच्या कामावर माणूस हवा होता. मृताच्या घरचा माणूस घ्यावा असे ठरले आणि बिझेकीला नोकरी मिळाली. मसाउकोचेच बूट घालून तो चौकीवर आला. योहानेने त्याला पहिले काम दिले ते शेड आवरायचे. तारा एकेक करून खिळ्याला लावता लावता त्याच्या हातात मी आले. तो खाली बसला.

त्याने विचारले, "योहानेभाऊ, ही कुणी लावली होती ते शोधलं नाही तुम्ही?"

योहाने दारात उभा होता. तो म्हणाला, "तुझ्या दाजीनं विचारू नको म्हणून सांगितलं. पिळावर हात ठेवून सांगितलं. पोरांना मामाच आहे म्हणाला."

बिझेकीने मला छातीशी धरले. माझी टोके त्याला बोचत असणार, पण त्याने मला सोडले नाही. रडायला त्याच्यापाशी आता आवाजही नव्हता. योहाने त्याच्याजवळ गेला नाही आणि निघूनही गेला नाही. शेवटी बिझेकी उठला, मला खिळ्याला अडकवले आणि कुदळ घेऊन तारेच्या कामावर गेला. त्या तारेत वीज नाही. मशीन अजून आलेले नाही.

मित्रांनो, मला आता कुणी वितळवले तरी चालेल, गंजून माती झाले तरी चालेल. माझ्यासाठी काही मागत नाही. पण रानाच्या कडेला कुठे सैल तार दिसली, बंद पडलेले मशीन दिसले, तर तिथे कुदळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला शिव्या देऊ नका. तो तुमच्या आधीपासून वर ओरडत असतो आणि त्याचे कुणी ऐकत नसते. मसाउकोला पोचवायला सारे गाव गेले. तो जिवंत असताना त्याच्याबरोबर साहेबाच्या दारात जाऊन भांडायला एक माणूस गेला असता, तरी पुरले असते.