पुतळ्यांच्या माळेतली राणी

पाहुण्यांसमोर जायची वेळ झाली तशी इंदुआत्यांनी शामलाच्या गळ्यात तिच्या आईची पुतळ्यांची माळ घातली आणि कानाशी बजावलं, "डावा गाल भिंतीकडे ठेव. आणि तोंड उघडू नकोस."

डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. लहानपणी चुलीवरचं दूध अंगावर उडालं होतं, त्याचा. त्या डागापायी आजवर आलेली स्थळं पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेली आणि कुणी काही कळवलं नाही. त्यामुळे चौतीस सालच्या त्या दुपारी, शिंदे की छावनी या लष्करी वस्तीतल्या त्या घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. शामलाचे वडील महिपतराव पलटणीतले सुभेदार, आवाज असा की कवायतीला मैदान दणाणायचं. पण आज पाहुण्यांपुढे पानाचं तबक सरकवताना ते कसंबसं "घ्या ना" पुटपुटत होते.

पाहुणे त्याच शहरातल्या माधवगंजातले. विश्वासराव, त्यांची पत्नी सुधाताई आणि मुलगा भालचंद्र. विश्वासराव दरबारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि त्यांना नाद होता रोमच्या जुन्या नाण्यांचा. त्यातही फक्त राण्यांच्या. राजांची नाणी ते हातात घेऊन परत ठेवून देत. "आमच्या घरात मला सवती फार आहेत," असं सुधाताईंनी आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं.

शामला चहा घेऊन आली. लोकांच्या नजरा तिला पाठ होत्या. नजर आधी तोंडावर येते, गालाशी अडखळते, मग जमिनीकडे वळते. विश्वासरावांची नजर मात्र अडखळली नाही. ती गळ्याशी आली आणि तिथेच खिळली. इंदुआत्यांनी लगबगीनं तिचा पदर सारखा केला.

"पसंत आहे," विश्वासराव म्हणाले. चहाला अजून तोंडही लावलं नव्हतं.

महिपतरावांचे डोळे भरून आले. डाग दिसूनसुद्धा पसंत! म्हणजे जगात असंही माणूस असतं तर, शामलाला वाटलं.

"ती माळ जरा हातात मिळेल का?"

मुलगी बघायला येऊन तिच्या अंगावरचा दागिना हातात मागायचा, म्हणजे सोन्यावर संशय घ्यायचा. महिपतराव लालबुंद झाले. "सोनं खोटं वाटतं का आपल्याला?"

"छे, छे, बिल्कुल नाही!" विश्वासरावांनी खिशातून भिंग काढलं होतं. शामलानं माळ काढून दिली. मधली पुतळी बाकीच्यांपेक्षा जाड, वर कडी बसवलेली. तिच्यावर एका बाईचं तोंड होतं. विश्वासरावांनी भिंग त्यावर धरलं. "फाउस्टिना! रोमच्या बादशहाची राणी. किती वर्षं शोधतोय हिला!"

"राणी कुठली? आमची अंबाबाई आहे ती," इंदुआत्या कडाडल्या. "दर नवरात्रात कुंकू लावतो आम्ही तिला."

खरंच, त्या सोन्याच्या केसांच्या रेघांत कुंकू बसलं होतं. त्यातलं बरंचसं शामलाच्या आईच्या बोटांचं होतं. आई गेली, पण ते कुंकू कुणी पुसलं नव्हतं.

"देण्याघेण्याचं काही नको, सुभेदारसाहेब. एवढं एक नाणं आजच द्या. लग्नाचा मुहूर्त लगेच काढू."

"जरूर, जरूर! घेऊन जा ना," महिपतराव एका दमात म्हणाले.

आता शामलाला सगळं लख्ख कळलं. नजर गालाशी अडखळली नव्हती, कारण ती गालापर्यंत आलीच नव्हती. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. आत्यांनी तिचा दंड दाबला. तिनं तो सोडवून घेतला. "या राणीचे केस कसे बांधलेत?"

विश्वासराव खुलले. "वेण्या घालून डोक्यावर अंबाडा, भोवती मोत्यांचे पदर. कानामागे एक बट सुटलेली."

"आणि माझ्या कुठल्या गालावर डाग आहे?"

विश्वासराव नाण्याकडेच बघत राहिले. भिंग हातात तसंच राहिलं. मान वर करून बघावं, तर चोरी पकडली जाणार. महिपतरावांनी डोळे मिटून घेतले. झालं, हेही स्थळ गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"डाव्या," कोपऱ्यातून आवाज आला. भालचंद्र आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होता. "चहा देताना त्यांनी ती बाजू सारखी भिंतीकडे ठेवली होती. मान अवघडली असेल."

शामलानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर जमिनीकडे वळवली नाही.

मग ती विश्वासरावांसमोर गेली, त्यांच्या हातातून माळ सोडवून घेतली आणि सगळ्यांदेखत आपल्या गळ्यात घातली. आता तिचा डावा गाल उजेडाकडे होता.

"नाणं आज मिळणार नाही," ती म्हणाली. "मी आले तर माझ्याबरोबर येईल, माझ्या गळ्यात. आणि ते बघायचं असेल, तर आधी माझ्या तोंडाकडे बघावं लागेल."

सुधाताईंनी पदर तोंडाशी धरला. हसू होतं की हुंदका, कळलं नाही. विश्वासरावांनी भिंग खिशात ठेवलं, मान वर केली आणि मुलगी पाहिली.