एकदाच वाजलेला कर्णा

मित्रांनो, मला हातात घेऊन बघायला माझी हरकत नाही, फक्त ओठांना लावू नका. मी मेंढ्याच्या शिंगाचा एक जुना कर्णा आहे. ज्या मेंढ्याच्या डोक्यावर मी वाढलो तो महाभांडखोर होता. कुंपण म्हणू नका, खांब म्हणू नका, दिसेल त्याला टक्कर द्यायचा. त्याचे धाडस त्याच्याबरोबरच गेले. माझ्या वाट्याला आली ती भीती, आणि ती अजून माझ्या पोकळीत तशीच भरून आहे.

एका कारागिराने मला उकळत्या पाण्यात घालून मऊ केले. तापलेल्या सळईने माझ्या टोकाला भोक पाडले, आतून खरवडले, बाहेरून तेल लावून गुळगुळीत केले. कर्णा तयार झाला की एकदा फुंकून बघायचा, ही त्याची रीत होती. त्याने मला तोंडाला लावलेसुद्धा, पण मला घ्यायला आलेल्या माणसांनी त्याचा हात धरला. हा कर्णा कुणी वाजवून बघायचा नाही, हा एकदाच वाजायचा आहे, असे त्यांनी सांगितले. कारागीर हसला आणि म्हणाला की मग वाजला नाही तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. ती माणसे मात्र हसली नाहीत. तेव्हाच माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

ही माणसे दोरखंड वळणाऱ्यांच्या गल्लीत राहत. राजाने चौकात स्वतःचा पुतळा उभा केला होता आणि त्याच्यापुढे सगळ्यांनी वाकावे असा हुकूम काढला होता. ही माणसे वाकत नसत. त्यांचा देव वेगळा होता, आणि तो पुतळ्यात मावणारा नव्हता. वाकायला नकार देणाऱ्याला शिपाई घेऊन जात, आणि नेलेले माणूस परत आलेले गल्लीने कधी पाहिले नव्हते. म्हणून संध्याकाळ झाली की दारे लावून, आवाज खाली आणून, ती सगळी एका खोलीत जमत आणि चामड्यावर लिहिलेला एक ग्रंथ ऐकत.

ग्रंथ वाचायचे ते काका. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. मी दारामागच्या खुंटीवर टांगलेला असे आणि कानांवर हात ठेवायची सोय नसल्यामुळे सगळे ऐकत असे. फार पूर्वी होऊन गेलेल्या एका द्रष्ट्याला देवदूताने आकाशात नेले आणि पुढे होणारे सगळे दाखवले, असे त्यात लिहिले होते. पाण्यातून श्वापदे वर येतात. माणसांना खातात, एकमेकांना खातात. मग सूर्य काळा पडतो, तारे गळतात, मेलेली माणसे मातीतून उठून उभी राहतात आणि वर एक पुस्तक उघडले जाते. ज्यांची नावे त्यात असतील ती माणसे तरतात. आणि या सगळ्याच्या आधी कर्णा वाजतो.

तो कर्णा म्हणजे मी, हे कळल्यावर माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

श्वापद म्हणजे कोण, असे एकदा कुणीतरी विचारले. काकांनी दाराकडे बघितले आणि हळूच सांगितले की श्वापद म्हणजे हा राजा, आणि याच्याआधीचे राजे. नावे उघड लिहिली असती तर लिहिणाऱ्याची मान राहिली नसती. म्हणून श्वापदे, म्हणून शिंगे आणि मुकुट, म्हणून लिहिणाऱ्याच्या जागी जुन्या द्रष्ट्याचे नाव. घाबरलेल्या माणसांना धीर यावा म्हणून एका घाबरलेल्या माणसानेच हे लिहिले आहे, असे काका म्हणत. ग्रंथाच्या शेवटी एक नवा देश होता. तिथे कुणी कुणाला नेत नाही आणि कुणी रडत नाही. तो भाग काका सावकाश वाचत. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तो इतका आवडायचा की त्या पुन्हा वाचायला लावत. पण बाकीची मंडळी झोपायला जाताना बरोबर न्यायची ती श्वापदेच.

ग्रंथात एवढेच होते की त्या दिवशी सामानसुमानाचा मोह धरू नका. सांगता सांगता त्याचा नियम झाला. कर्णा वाजला की हातातले टाकायचे आणि टेकडीवर जायचे. बाहेर पडलेल्याने परत उंबरठा ओलांडायचा नाही. जो मागे फिरेल त्याचे नाव वरच्या पुस्तकातून पुसले जाईल. मग ज्यांना चालता येत नाही त्यांचे काय? त्यांना देवदूत उचलून नेतील, असे ठरले. कुणी ठरवले ते मला आठवत नाही. सगळ्यांना ते सोयीचे वाटले एवढे आठवते.

मला सांभाळायचे आणि छपरावरून आकाशावर नजर ठेवायची, हे काम एका दोरवाल्याला दिले होते. छातीने भरदार, बोलायला कमी. आई गेल्यावर त्याला त्याच्या ताईने वाढवले होते. आता ताईच्या पायांतले बळ गेले होते. ती दिवसभर खाटेवर बसून ताग पिंजायची, आणि हात चालत तसे तिचे तोंडही चालायचे. देवदूतांना माझे वजन आधी कळवा, नाहीतर ऐन वेळी दोघेच यायचे, असे ती सगळ्यांना ऐकवायची. पलीकडच्या खोलीत काका-काकू राहत, मध्ये एकच भिंत. काकू त्या वर्षी तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. दोघी भिंतीला पाठ टेकून एकमेकींशी बोलत बसत.

एका संध्याकाळी दोरवाला मला पुसत बसला होता. ताईने ताग बाजूला ठेवला.

"तू वाजवशील तेव्हा मी घरात एकटीच असेन," ती म्हणाली. "ते येतील रे, मला माहीत आहे. पण येईपर्यंत भीती वाटेल."

 दोरवाला मला पुसतच राहिला. 

नंतर ती दुपार आली. आदल्या दिवशी शिपायांनी शेजारच्या गल्लीतून माणसे नेली होती आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. दोरवाला मला गळ्यात अडकवून छपरावर उभा होता. वारा सुटला. गल्लीच्या वळणापलीकडून काळोख वर चढू लागला. सूर्य आधी तांब्याचा झाला, मग लाल, मग दिसेनासा झाला. ग्रंथात होते तसेच, अगदी तसेच.  दोरवाल्याने मला ओठांना लावले आणि छातीतला सगळा वारा माझ्यात ओतला.

मित्रांनो, माझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गाय अडली की जशी हंबरते तसा तो होता. मला वाटले होते की मी कुणाला तरी बोलावीन. मी तर सगळ्यांना हाकलत होतो.

गल्लीतली माणसे बाहेर आली. अर्धे वळलेले दोर त्यांनी तिथेच सोडले, ते गरगर फिरत उलगडून जमिनीवर पडले. ताग भिजवायच्या पाण्याच्या बादल्या ओळीने भरलेल्या होत्या. त्यांना कुणी हात लावला नाही. लावणार कशाला? जगच संपणार होते. सगळी वळणाकडे पाठ फिरवून टेकडीकडे निघाली आणि भीती दिसू नये म्हणून गाऊ लागली. काका सगळ्यांत पुढे होते आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या गाण्याखालून मला दुसरा आवाज आला. काकांच्या खोलीतून. "अहो," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, ऐकलंत का?" मग नुसता खोकला.

दोरवाल्याने तो ऐकला की नाही ते मला माहीत नाही. त्याचे कान माझ्याच आवाजाने बधिर झाले होते. तो बाहेरच्या जिन्याने उतरला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांच्या मागे चालू लागला. मी त्याच्या छातीवर आपटत होतो. टेकडीच्या पायथ्याशी त्याची पावले मंदावली. ग्रंथातले अक्षर न् अक्षर त्याला खरे वाटत होते, हे लक्षात ठेवा. मागे फिरलो तर आपण कायमचे गेलो, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. माझ्याखाली त्याचे काळीज इतके जोरात उडत होते की मलाच फुटल्यासारखे वाटले.

तो मागे फिरला.

वळू नकोस, असे कुणीतरी म्हणाले. बाकीच्यांनी माना फिरवल्या. मेलेल्या माणसाकडे बघवत नाही, तसे त्यांना त्याच्याकडे बघवेना.

खोलीत धूर उतरला होता. ताई खाटेवरून खाली पडली होती आणि कोपरांवर सरपटत दाराकडे येत होती. भावाला बघून ती आनंदली नाही, संतापली.

"कशाला आलास? तुझं नाव पुसलं जाईल. माझ्यासाठी ते येणारच आहेत. जा तू."

"पुसू दे, ताई," तो म्हणाला.

त्याने तिला पाठीवर घेतले आणि स्वतः वळलेल्या दोराने घट्ट बांधले. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती आणि रडत होती. बाहेर येऊन धूर कुठून येतो ते बघायला तो वळणापर्यंत गेला, आणि तिथे त्याला ज्वाळा दिसल्या. दोरांना लावायच्या डांबराचे कोठार पेटले होते. सूर्य झाकला होता तो त्या धुराने. आग वाऱ्याबरोबर छपराछपराने गल्लीत शिरत होती आणि पाण्याच्या बादल्या जागच्या जागी भरलेल्या होत्या.

त्याने ताईला भिंतीच्या आडोशाला बसवले आणि काकांच्या दाराकडे धावला. दार ढकलतो तोच छपराची तुळई आत कोसळली. त्याने हाका मारल्या. आतून काही आले नाही.

टेकडीवरची माणसे वर बघत उभी होती. एकही तारा गळला नाही. वारा फिरला, धूर बाजूला सरला आणि रोजचाच सूर्य रोजच्याच जागी मावळताना दिसला. मग त्यांनी खाली बघितले. ती सगळी धावत सुटली, पडत, ठेचकाळत, आणि अंधार पडेपर्यंत पाणी मारत राहिली. निम्मी गल्ली वाचली. काकांची खोली वाचली नाही.

आग विझल्यावर काका ताईसमोर येऊन बसले. त्यांचे हात काळे झाले होते.  माणसाला एवढी भीती वाटलेली मी आधी पाहिली नव्हती, आणि ग्रंथ वाचायच्या त्या खोलीत तर मी भीतीशिवाय काही पाहिलेच नव्हते.

"तुमच्या दोघींमध्ये एकच भिंत," ते म्हणाले. "तिने मला हाक मारली का गं?"

ताईने भावाकडे बघितले, मग काकांकडे.

"नाही, काका. त्यांना झोप लागली होती. घोरत होत्या, मला ऐकू येत होतं."

काकांनी मान हलवली. "दमली की घोरते ती," ते म्हणाले.

त्यानंतर मला कुणी वाजवले नाही. गल्लीने ग्रंथ टाकला नाही, पण न चालणाऱ्यांबद्दलचा तो ठराव पुन्हा कुणी तोंडातून काढला नाही. दोरवाला ताईला आणखी पुष्कळ वर्षे पाठीवरून अंगणात आणत असे. आपले नाव पुसले गेले आहे, असे तो मरेपर्यंत धरून चालला. भीती वाटायची त्याला, झोपेत दचकायचा. पण चुकलो, असे तो कधीच म्हणाला नाही. मी पुढे पेटीत पडलो, किडीने माझी कड खाल्ली, आणि आता धूळ खात या फळीवर पडून आहे.

मित्रांनो, भिऊ नका असे मी तुम्हांला सांगणार नाही. मलाच ते कधी जमले नाही. एवढेच मागतो, की कुठलाही कर्णा वाजला आणि सगळे निघाले, तर तुम्ही गाणे थोडे हळू म्हणा. आणि दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी आत अंथरुणावर कुणी आहे का, ते बघून या.