सरदार माइनो टुडू

"दिसतंय काही?" परीक्षकांनी विचारलं.

धनबादच्या परीक्षा केंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत माइनोनं वात बारीक केली आणि दिवा सावकाश वर नेला.

"दिसतंय. ज्योतीवर निळसर टोपी चढलीय. वायू आहे."

"मग काय कराल?"

"वीज बंद. माणसं बाहेर."

"आणि मॅनेजर म्हणाले, काम चालू ठेवा?"

"माणसं बाहेर काढते, मग त्यांच्याशी बोलते."

परीक्षकांनी कागदावर खूण केली.

बाहेर पायरीवर तिचा नवरा सुफल किस्कू कुरमुऱ्यांसारखी मुढी खात बसला होता. ती काम करायची त्याच कोळशाच्या खाणीत तो छताला टेकू लावायचा. सरदारकीची, म्हणजे पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी घेण्याची परीक्षा आधी त्यानंच दिली होती, दोनदा. दोन्ही वेळा डोळ्यांनी दगा दिला; ती निळी टोपी त्याला दिसलीच नाही. मग घरी चुलीवर भात शिजेपर्यंत तो माइनोला प्रश्न विचारू लागला.

"दिसली?"

"दिसली."

"कशी असते गं?" त्यानं विचारलं.

"जवसाच्या फुलासारखी. फिक्की."

त्यानं मान हलवली आणि मुढीचा पुडा तिच्याकडे सरकवला.

माइनो पास झाली. नेमणूक मिळाली ती सुफल काम करत होता त्याच भागात. पहिल्याच पाळीला तिनं कोळसा काढायच्या जागी छतावर काठी ठोकली. खणखणीत आवाज यायला हवा होता. आला तो भद्द, वरचा दगड सुटल्यासारखा. तिनं पुन्हा ठोकलं. तसाच.

"काम थांबवा. सगळे मागे या."

"घरातलं भांडण इथं आणलंत का, वहिनी?" कोळसा भरणारा बैजनाथ म्हणाला. दोघं-तिघं हसले.

सुफल आतच होता. "एवढी खेप भरू दे गं. मी टेकू लावतो ना. हे छत मला ठाऊक आहे."

छत त्याला ठाऊक होतंच. काठीचा आवाज ओळखायला तिला त्यानंच शिकवलं होतं. ती जागची हलली नाही.

"सुफल किस्कू, बाहेर या."

हसणं थांबलं. संथाळ बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माइनोनंही ते कधी उच्चारलं नव्हतं. सुफलनं तिच्याकडे पाहिलं. हातातला हातोडा खाली ठेवला.

"आलो, सरदार."

तो निघाला तसे बाकीचेही मुकाट निघाले.

त्या पाळीत छत पडलं नाही. जेवणानंतर खांब आले. तिनं दाखवलं तिथं सुफलनं ते एकेक ठोकून बसवले. माइनोनं पुन्हा काठी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि खिशातून खडू काढला. जागा तपासल्याची खूण म्हणून दगडावर तारीख घातली, खाली सही करू लागली. अक्षरं नीट उमटावीत म्हणून सुफल मागे उभा राहून डोक्यावरच्या दिव्याचा उजेड त्या जागी धरून होता. सही पूर्ण होईपर्यंत त्यानं मान हलवली नाही.