डबी आधी लावा!

अध्यक्षसाहेब, त्या दुपारी फोटोग्राफर संघटनेच्या भरलेल्या हॉलमध्ये माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "मी स्वतः तपासलंय." तुम्ही काहीही तपासलं नव्हतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून चहा पीत होतात. मी दारात उभा राहून बघत होतो.

टेबलावर संघटनेचा तो जुना कॉम्प्युटर होता. चालू होईपर्यंत माणसाची दाढी वाढावी असा. शेजारी काडेपेटीएवढी काळी डबी, म्हणजे बाहेरून जोडायचा एसएसडी, फोटो साठवायची वेगवान डिस्क. आणि डबीमागे तो विक्रेता, ज्याचं नाव आम्ही पुढे वेगमहाराज पाडलं.

"मित्रांनो, कॉम्प्युटर म्हातारा होत नाही, त्याचा आत्मा मंदावतो! मी काही विकायला आलो नाही. मी आत्मा बदलायला आलोय!"

विकायला आला नव्हता, पण पावतीपुस्तक घेऊन आला होता. आत्मा म्हटल्यावर मात्र सगळ्यांच्या माना डोलल्या.

आधी त्याने डबीशिवाय फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. चाक फिरत राहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद. कुणीतरी ओरडलं, "अहो, हे तर आमच्याच घरचं दुखणं!" मग त्याने ते बंद केलं, डबी जोडली, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा उघडलं. अठरा सेकंद! सगळा हॉल उठून उभा राहिला. आणि तुम्ही माइक मागितलात.

पहिली डबी घेतली माझ्या साडूने. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, रस्त्याच्या पलीकडेच त्याचा स्टुडिओ. खरं सांगतो, माझा राग डबीवर नव्हताच, साडूवर होता. चमत्कार बघायला त्याच्या दारात माणसं थांबायची आणि मी माझ्या काउंटरवरून ती मोजायचो. कपडे वाळत घालताना बायको म्हणायची, "दाजींचं बघा, काळाबरोबर चालतात." शाळेच्या ओळखपत्रांचे दोन हजार फोटो आठ वर्षं मी करत होतो. तुमच्या शिफारशीने ते काम त्याच्याकडे गेलं.

एका शुक्रवारी सकाळी काकू माझ्याकडे आल्या. साडूकडे वीस वर्षं फोटोंचं रिटचिंग करणाऱ्या काकू. मनगटाला पट्टा बांधलेला.

"साहेब म्हणतात, डबी विजेसारखी आहे, मंद तुम्हीच. उद्यापर्यंत दोन हजार झाले नाहीत तर सोमवारपासून येऊ नका."

"झाले किती?"

"सहाशे."

मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. साडू तोंडावर आपटणार! मी विचारलं, "म्हणजे डबी बोगस?"

"ते मला काय ठाऊक? मी एवढंच बघते, सकाळी पहिल्यांदा उघडताना डबी असो नसो, वेळ तेवढाच. बंद करून परत उघडलं की झटकन. परवा तर मी डबी लावायचीच विसरले होते. साहेब मागे उभे राहून म्हणाले, 'बघा, कशी पळतेय!'"

मी हसलो आणि मग हसायचा थांबलो. अध्यक्षसाहेब, हॉलमध्येही डबी दुसऱ्यांदा उघडतानाच लागली होती!

दुपारी मी तुम्हाला फोन करून बोलावलं. तुम्ही आलात, हे नाकारू नका. साडूचं दुकान माणसांनी भरलं होतं.

साडू म्हणाला, "काहीतरी जळल्याचा वास येतोय बुवा."

"येतोय. माझाच आहे," मी म्हणालो. "आता कॉम्प्युटर बंद करून चालू कर आणि डबी आधी लाव."

काकूंनी माउस धरला. डबी लावून पहिल्यांदा: एक मिनिट सदतीस. बंद करून, डबी काढून दुसऱ्यांदा: एकोणीस सेकंद. मग एकाच चेहऱ्यावर त्वचा नितळ करणारा फिल्टर. डबीसह एक्केचाळीस सेकंद, डबीविना एक्केचाळीस.

काकूंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "सॉफ्टवेअर डबीत नाहीच, आतल्या जुन्या डिस्कवर आहे. एकदा उघडलं की त्यातलं बरंचसं कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतं, म्हणून दुसऱ्यांदा पटकन येतं. आणि फिल्टरचं काम प्रोसेसर करतो. तो म्हाताराच आहे."

इथे मला आणखी एक कबूल करायचंय. डबी सपशेल खोटी निघावी अशी माझी फार इच्छा होती. तीच डबी मी तिथेच, सोबत नेलेल्या माझ्या जरा नव्या लॅपटॉपला लावली. तीनशे फोटो भराभरा आत आले आणि माझं तोंड पडलं. डबी चांगली आहे. पण त्यासाठी जोडणीची जागाही वेगवान हवी. जुन्या कॉम्प्युटरची ती जागा म्हणजे अरुंद बोळ. त्यात घोडा घातला तरी तो चालतच जाणार. डबी मालाची वाहतूक करते, म्हाताऱ्याला तरुण करत नाही. एवढं साधं सांगितलं असतं तर हॉल उभा राहिला नसता, इतकंच.

त्या दुकानात साडू तुमच्या तोंडाकडे बघत होता, साहेब. "डबीचं चुकलं, काकूंचं नाही," एवढं एक वाक्य पुरे होतं. तुम्ही चपला घालत म्हणालात, "हे साडू-साडूंचं भांडण आहे. हा माणूस जळतो. मी यात पडत नाही."

मी जळत होतो, कबूल. घड्याळ जळत नव्हतं.

चारचौघांत साडूला शब्द मागे घेता येईना. शनिवारी त्याने काकूंना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. चमत्कार फसला की भक्तच कमी पडतो, देव नाही! मी त्यांना ठेवून घेतलं असतं, पण त्यांना द्यायला माझ्याकडे काम नाही. ते तुमच्या शिफारशीने पलीकडे गेलंय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापुढे कुणी 'आधी आणि नंतर' मांडलं तर टाळ्या वाजवण्याआधी 'नंतर'चं आधी करून बघा. दोन मिनिटं लागतात. जळणाऱ्यानेही केलं तरी उत्तर तेच येतं.

आणि अध्यक्षसाहेब, काकू आज घरी बसून आहेत. "मी स्वतः तपासलंय" म्हणालात, ते नेमकं काय तपासलंत? कधी? कोणत्या क्रमाने? संघटनेच्या त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, काकूंना पहिल्या रांगेत बसवून सांगा. मी दारात उभा आहे.