लपवलेली गोळी

"तब्येत काय म्हणते?" असं कोणी विचारलं की टेलरकाका छाती काढून म्हणत, "ठणठणीत!" खोटं हो, साफ खोटं! हृदयाचे ठोके चुकतात म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. पण काकू गेल्यापासून घर खायला उठायचं. बागेतला संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डा तेवढा काय तो आधार. आणि त्याच अड्ड्याने एका जोडीदाराला बायपासनंतर हळूच वगळलं होतं. "उद्या काही झालं तर निस्तरणार कोण?" असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, काकांनीही. तेव्हापासून ते गोळ्या पाकिटातून काढून बटणांच्या डबीत ठेवत.

एके संध्याकाळी बागेच्या पायरीवर पाय घसरला, डोकं आपटलं. जखम इवलीशी, पण थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या. अड्ड्यावरच्या वकिलांनी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

"काका, रक्त पातळ करणारं औषध घेता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी वकिलांकडे चोरून पाहिलं. "छे! मला कसली औषधं?"

"स्कॅनमध्ये दिसतंय, डोक्यात रक्त साचतंय काका, थांबत नाहीये. या गोळ्या निरनिराळ्या, प्रत्येकीचा उतारा वेगळा. नाव सांगितलंत तर आत्ता देते. लाजून गप्प बसाल, तर जिवावर बेतेल!"

काकांचे डोळे भरून आले. "घेतो हो, घेतो!" त्यांनी नाव सांगून टाकलं. "यांना कळलं असतं तर मला डावातून काढलं असतं. मग दिवसभर मी बोलायचं कोणाशी?"

उतारा शिरेतून गेला. रक्तस्राव थांबला. वकील खाटेजवळच बसून होते. काकांनी डोळे उघडले तसे ते पुटपुटले, "टेलर, मी इन्सुलिन घेतो रे. दार लावून. तुम्ही मला काढाल म्हणून."

अरे देवा! दोघेही एकाच भीतीने एकेकटे!

मंडळी, आपल्या ओळखीत अशी किती दारं बंद असतील? औषधाचं नाव जवळच्या कोणाला तरी सांगून ठेवा, डॉक्टरांपासून तर मुळीच लपवू नका. आणि आजारी माणसाला आपल्यातून वगळू नका. उतारा इस्पितळात मिळतो, पण काकांनी तोंड उघडलं नसतं तर तो कपाटातच राहिला असता.